डायनाको पीएएस व्हॉल्व्ह प्रीॲम्प्लिफायर: पॉवर सप्लायच्या दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील माहिती नेमकी कोणत्या यंत्रासाठी आहे?

डेव्हिड हॅफलर आणि एड लॉरेंट यांनी १९५५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डायनाको ही कंपनी स्थापन केली. तिचे पीएएस-२, पीएएस-३ आणि पीएएस-३एक्स हे स्टिरिओ प्रीॲम्प्लिफायर (पॉवर ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारी यंत्रे) १९६०च्या दशकात तयार स्वरूपात तसेच घरी जोडण्याच्या किटच्या स्वरूपातही विकले जात. येथील उत्तरे याच तीन यंत्रांना धरून लिहिली आहेत. त्यांच्यात चार १२एएक्स७ व्हॉल्व्ह आवाज वाढवण्याचे काम करतात, पाचवा १२एक्स४ हा व्हॉल्व्ह एचटीसाठी म्हणजे उच्च दाबासाठी रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असतो आणि १२एएक्स७ च्या हीटरना (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारांना) सेलेनियम रेक्टिफायरमधून निघालेला डीसी पुरवठा मिळतो. अमेरिकेतून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आलेली अशी यंत्रे आपल्याकडे काही घरांत आजही आहेत. त्या काळातील इतर व्हॉल्व्ह प्रीॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय बहुधा याच तत्त्वावर चालत असल्याने त्यांच्या मालकांनाही ही उत्तरे उपयोगी पडावीत. मात्र दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या यंत्राचा सर्किट डायग्राम मिळवलाच पाहिजे.

दोष पॉवर सप्लायमध्येच आहे, हे कशावरून ओळखावे?

घाईने कंडेन्सर बदलण्याआधी नीट ऐकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण हमिंगमध्ये, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजातच, अर्धे निदान दडलेले असते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. पीएएसमधील दोन्ही रेक्टिफायर लहरीच्या दोन्ही अर्धभागांचा उपयोग करतात, त्यामुळे फिल्टर कंडेन्सर (डीसीतील उरलेली लहर सपाट करणारा भाग) सुकला की उरलेली लहर १०० हर्ट्‌झची असते. उलट अर्थिंगचा घोळ, फोनोच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या) वायरचे सैल शील्ड किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली सिग्नलची तार यांतून येणारे हमिंग मुख्यतः ५० हर्ट्‌झचे असते. पेटी वाजवणाऱ्यांना कानानेही पडताळा घेता येईल, कारण १०० हर्ट्‌झ हा स्वर खालच्या सप्तकातील पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. ५० हर्ट्‌झ म्हणजे तोच स्वर आणखी एक सप्तक खाली, अधिक मऊ आणि छोट्या स्पीकरवर जवळजवळ ऐकू न येणारा. पॉवर सप्लायच्या हमिंगला मात्र एक खरखरीत धार असते, कारण कंडेन्सरवरील लहर करवतीच्या दात्यांसारखी असून तिच्यात वरच्या वारंवारताही मिसळलेल्या असतात. कानावर विश्वास नसेल, तर मोबाइलवरील स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप पुरेसे आहे.

त्यानंतर व्हॉल्यूमचे बटण फिरवून पाहावे. बटण पूर्ण खाली असतानाही हमिंग तितकेच राहिले, तर ते व्हॉल्यूमनंतरच्या टप्प्यात शिरते आहे आणि एचटीच्या फिल्टरवर पहिला संशय घ्यावा. ते बटणाबरोबर वाढत असेल आणि केवळ फोनोवर असताना ऐकू येत असेल, तर फोनो टप्प्याचा एचटी पुरवठा, हीटरचा डीसी पुरवठा आणि बाहेरची वायरिंग या तिन्ही शक्यता उरतात. फोनोवरच ते का जाणवते, यालाही कारण आहे. रेकॉर्ड ऐकताना वापरली जाणारी आरआयएए ही ठरावीक स्वर-दुरुस्ती खालच्या वारंवारता मुद्दाम उचलते. १००० हर्ट्‌झच्या तुलनेत १०० हर्ट्‌झला सुमारे १३ डेसिबल आणि ५० हर्ट्‌झला सुमारे १७ डेसिबल जास्त वाढ मिळते, म्हणजे अनुक्रमे साडेचार आणि सात पट. कार्ट्रिजचा (रेकॉर्डवरील सुईच्या भागाचा) सिग्नल मुळात काही मिलिव्होल्टांचाच असल्याने टेपच्या इनपुटवर कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढी लहर फोनोवर सगळे संगीत झाकोळून टाकते.

यंत्र ११७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी बनवलेले आहे. आपल्या २३० व्होल्टवर ते कसे चालवावे?

बहुतेकांचा विचार व्होल्टेज कमी करण्यापाशी थांबतो, पण वारंवारतेचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्टेजच्या सम आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तेच ११७ व्होल्ट ५० हर्ट्‌झवर दिले, तर गाभ्यावरील ताण वीस टक्क्यांनी वाढतो, ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो आणि त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र शेजारच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचू लागते. ताण मूळ पातळीवर आणायचा, तर ९८ व्होल्टच्या आसपास उतरावे लागेल, परंतु तसे केल्यास हीटर सुमारे सोळा टक्के कमी दाबावर चालतील आणि तेही योग्य नाही. माझ्या मते ११० व्होल्ट हा मध्यम मार्ग सर्वांत समजूतदार ठरतो, कारण त्यात हीटर सहा टक्के खाली राहतात आणि गाभ्यावरील वाढीव ताण सुमारे तेरा टक्क्यांवर थांबतो. घरचा दाब २४५ व्होल्टपर्यंत चढला, तर २३०:११० चा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट देईल, हे ध्यानात ठेवून आधी आपल्या भिंतीतील सॉकेटचा दाब दिवसाच्या दोन-तीन वेळी मोजून घ्यावा.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दोन स्वतंत्र वाइंडिंगचा, म्हणजे आयसोलेशन देणारा असावा. बाजारातील पुष्कळसे स्टेप-डाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्यात दोन्ही बाजूंना एक तार समान असते आणि प्लग उलटा बसला किंवा सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, तर फेज थेट यंत्रात येऊ शकते. प्रवासात हेअर ड्रायर किंवा इस्त्रीसाठी वापरले जाणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अजिबात लावू नयेत, कारण ते लहर कापून देतात आणि त्या कापलेल्या लहरीवर ट्रान्सफॉर्मर तापतो व गुरगुरतो. एकट्या प्रीॲम्प्लिफायरसाठी १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरून उरतो, पण यंत्राच्या मागील सॉकेटांमध्ये पॉवर ॲम्प्लिफायर जोडणार असाल, तर त्याचा भार वेगळा धरावा लागेल. तो भार यंत्राच्या जुन्या स्विचवर टाकूच नये, असे मला वाटते.

वीस-तीस वर्षे बंद असलेले यंत्र थेट सुरू करून पाहावे का?

पाहू नये. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये पत्र्यावरील ऑक्साइडचा अतिपातळ थर विजेला अडवण्याचे काम करतो आणि हा थर दीर्घ काळ दाब न मिळाल्यास झिजतो. अशा कंडेन्सरला एकदम तीनशे व्होल्ट मिळाले की त्यातून मोठा गळती-प्रवाह वाहतो, तो आतून तापतो आणि रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मर दोघांनाही सोबत नेतो. पीएएसचा मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला, तर त्याची भरपाई सर्वांत कठीण असते.

व्हेरिॲकने (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब हळूहळू वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला तो लागू पडतो, पण १२एक्स४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर असताना तो फारसा कामाचा नाही. हीटर पुरेसा तापेपर्यंत रेक्टिफायर वीज सोडतच नाही आणि तापल्यावर बराचसा दाब एकदम सोडतो, त्यामुळे आपण कंडेन्सरला हळुवार वागवत आहोत हा केवळ समज राहतो. त्यापेक्षा २३० व्होल्टच्या बाजूला ४० वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. आपल्याकडील इलेक्ट्रिशियन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात तोच येथे लागतो, आणि एलईडी बल्ब त्यासाठी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर मोठा शॉर्ट नाही असे समजावे. तो भगभगीत पेटून राहिला, तर लगेच प्लग काढावा. हा उपाय तपासणीपुरता आहे. कंडेन्सरच्या साठ वर्षांच्या जुन्या डब्याला पुन्हा जिवंत करून कायम वापरात ठेवण्याच्या मताचा मी नाही.

उघडण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

या यंत्रात एचटी साधारण तीनशे व्होल्ट डीसीच्या घरात असते आणि तेवढ्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. आपण यापूर्वी कधी उच्च दाबाच्या सर्किटवर काम केले नसेल, तर पहिली दुरुस्ती जाणकाराच्या शेजारी बसूनच करावी. त्यात कमीपणा नाही.

प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये दाब साठून राहतो. माझ्यासमोर एकदा प्लग काढून दहा मिनिटे झालेल्या एका रेडिओत मीटरने जवळपास दोनशे व्होल्ट दाखवले होते, कारण साठा रिकामा करणारा रेझिस्टन्स तुटलेला होता. तेव्हापासून केवळ वेळेवर विसंबून मी कधीही हात घातलेला नाही. एक लाख ओहम, दोन वॉटचा रेझिस्टन्स घेऊन त्याला इन्सुलेटेड क्लिप आणि प्रोब जोडावा, क्लिप आधी चॅसीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) लावावी आणि प्रोब प्रत्येक फिल्टर कंडेन्सरच्या धन टोकाला टेकवावा. एकूण ८० मायक्रोफॅरड धरले, तर दाब एक-तृतीयांशाच्या किंचित वर येण्यास आठ सेकंद लागतात, म्हणून किमान चाळीस सेकंद तो टेकवून ठेवावा आणि मग मीटरने प्रत्येक ठिकाणी मोजून खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडून द्यावी, कारण त्या ठिणगीने कंडेन्सर आणि सोल्डरचे जोड दोन्ही दुखावतात. चालू यंत्रावर मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा, पायांत कोरडी रबरी चप्पल असावी आणि पावसाळ्यातील ओलसर फरशीवर बसून हे काम करू नये.

मोजमाप कोणत्या क्रमाने घ्यावे?

विजेच्या वाटेने पुढे सरकावे. आधी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरील एसी, मग पहिल्या फिल्टर कंडेन्सरवरील डीसी आणि नंतर पुढील प्रत्येक कंडेन्सरवरील डीसी मोजून वहीत लिहावे. शेजारी शेजारी असलेल्या दोन कंडेन्सरांमध्ये एक रेझिस्टन्स असतो. त्याच्यावर किती व्होल्ट पडतात हे पाहिले की त्यातून वाहणारा प्रवाह लगेच कळतो. समजा दहा हजार ओहमवर २० व्होल्ट पडत असतील, तर प्रवाह २ मिलिॲम्पिअर आहे. तेथेच ६० व्होल्ट पडत असतील, तर ६ मिलिॲम्पिअर वाहत आहेत आणि ते जास्तीचे चार बहुतेक वेळा पुढील कंडेन्सरच्या गळतीतून जात असतात. कंडेन्सर न काढता त्याची गळती पकडण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

त्यानंतर तोच प्रवास एसी मापनावर करावा. मीटर डीसी अडवत नसेल, तर प्रोबच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घालावा. लहर प्रत्येक टप्प्यावर झपाट्याने कमी झाली पाहिजे, आणि जेथे ती कमी होत नाही तेथील कंडेन्सर सुकलेला आहे. तुलनेसाठी एक हिशेब हाताशी असू द्यावा: २० मायक्रोफॅरडवर १० मिलिॲम्पिअरचा भार धरला, तर पहिल्या कंडेन्सरवरील लहर शिखरापासून तळापर्यंत ढोबळमानाने ५ व्होल्ट येते. अमेरिकेत १२० हर्ट्‌झमुळे ती ४.२ व्होल्ट असते, म्हणजे पूर्ण निरोगी यंत्रसुद्धा आपल्याकडे थोडी अधिक लहर दाखवणार.

फिल्टर कंडेन्सरचा डबा कसा बदलावा?

चॅसीवर उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात अनेक कंडेन्सर एकत्र असतात आणि त्यांची ऋण बाजू डब्यालाच जोडलेली असते. तळाशी प्रत्येक पायाजवळ अर्धवर्तुळ, चौकोन किंवा त्रिकोण अशी खूण कापलेली असते आणि त्या खुणेचा अर्थ डब्याच्या अंगावर छापलेला असतो. एकही तार सोडवण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि कोणत्या खुणेवर किती तारा आहेत याचे रेखाचित्र हाताने काढावे. फोटोत एकमेकींमागे दडलेल्या तारा रेखाचित्रातच स्पष्ट होतात.

सर्वांत नीटनेटका उपाय म्हणजे त्याच मापाचा नव्याने बनवलेला डबा बसवणे. तो परदेशातून मागवावा लागतो, म्हणून बहुतेक जण जुना डबा दिसण्यासाठी जागेवर ठेवून चॅसीखाली सुटे कंडेन्सर बसवतात. तसे करताना जुन्या डब्याच्या पायांवरील सर्व तारा सोडवून नव्या टॅग स्ट्रिपवर (तारा जोडण्याच्या पट्टीवर) घ्याव्यात. जुन्या कंडेन्सरला समांतर नवा जोडणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने हमिंग त्या दिवसापुरते थांबते, पण गळती करणारा जुना कंडेन्सर सर्किटमध्येच राहतो. सुट्या कंडेन्सरांची ऋण टोके जुन्या डब्याच्या अर्थच्या बिंदूवरच एकत्र आणावीत. ती सोयीनुसार चॅसीवर कोठेही टेकवली, तर एक हमिंग घालवून दुसरे आणल्यासारखे होईल.

मूळ मूल्याच्या जवळचे, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि मूळ दाबाहून कमी नसलेले कंडेन्सर घ्यावेत. २० मायक्रोफॅरडऐवजी २२ घेतल्यास काहीच बिघडत नाही. पुढील टप्प्यांवर ४७ पर्यंत जाण्यास हरकत नाही. रेक्टिफायरला लागून असलेला पहिला कंडेन्सर मात्र वाढवण्याचा मोह टाळावा, कारण तो जितका मोठा तितका भरतानाचा प्रवाह तीव्र होतो आणि १२एक्स४ चे आयुष्य घटते.

जुन्या साठ्यातील, कधीही न वापरलेले कंडेन्सर बसवावेत का?

नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कपाटात पडूनही म्हातारा होतो. जुन्या साठ्यातील व्हॉल्व्हला किंमत आहे, कंडेन्सरला नाही.

सेलेनियम रेक्टिफायर चालू स्थितीत असेल, तरीही बदलावा का?

होय, आणि या एका बाबतीत मी बिघाडाची वाट पाहू नका असे म्हणेन. सेलेनियमच्या पत्र्यांचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळे हीटरचा दाब हळूहळू खाली येतो आणि आवाज पातळ, दमलेला वाटू लागतो. हा बदल इतका सावकाश होतो की रोज ऐकणाऱ्याला तो कळतही नाही. शेवटी रेक्टिफायर जळतो, तेव्हा त्यातून सडलेल्या लसणासारखा उग्र वास येतो आणि ती वाफ विषारी असते. असा वास आल्यास प्लग काढून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे.

त्याच्या जागी १एन५४०४ सारखे ३ ॲम्पिअरचे सिलिकॉन डायोड बसतात. डायोडवरील पट्टा ज्या टोकाकडे असतो ते कॅथोड, म्हणजे जेथून धन दाब बाहेर पडतो ते टोक. सिलिकॉनवर सेलेनियमपेक्षा कमी व्होल्ट खर्च होतात, म्हणून हीटरचा दाब वाढतो. प्रत्येक १२एएक्स७ च्या चौथ्या आणि पाचव्या पिनमध्ये मोजावे. नियत दाब १२.६ व्होल्ट असून दहा टक्के इकडेतिकडे चालतात, पण माझा कल ११.५ ते १२.५ च्या दरम्यान राहण्याकडे आहे. दाब जास्त भरल्यास डायोडनंतर सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स घालावा. प्रत्येक १२एएक्स७ या जोडणीत ०.१५ ॲम्पिअर घेतो. दोन-दोन व्हॉल्व्ह मालिकेत असतील तर एकूण ०.३ आणि चारही समांतर असतील तर ०.६ ॲम्पिअर होतात. समजा ०.३ ॲम्पिअरवर २ व्होल्ट कमी करायचे आहेत, तर ६.८ ओहम लागतील आणि त्यात ०.६ वॉट उष्णता निर्माण होईल, म्हणून ५ वॉटचा वायरवाउंड वापरावा आणि तो कंडेन्सरला चिकटू देऊ नये. हीटरचे मोठे कंडेन्सरही याच बैठकीत बदलावेत, कारण फोनोवरील १०० हर्ट्‌झचे हमिंग पुष्कळदा तेथूनच येते.

१२एक्स४ काढून तेथेही डायोड लावावेत का?

मी लावत नाही. १२एक्स४ तापण्यास काही सेकंद घेतो आणि तोपर्यंत १२एएक्स७ चे हीटरही तापू लागलेले असतात. डायोड मात्र बटण दाबताच पूर्ण दाब देतात, आणि त्या वेळी कोणताही व्हॉल्व्ह प्रवाह घेत नसल्याने कंडेन्सरवर लहरीच्या शिखराएवढा दाब चढतो. ३०० व्होल्ट एसीचे शिखर ४२४ व्होल्ट असते, हे लक्षात घेतले की ३५० व्होल्टच्या कंडेन्सरचे काय होईल ते सांगायला नको.

फ्यूज आणि अर्थिंग यांचे काय?

त्या काळातील कित्येक यंत्रांत फ्यूजच नसतो आणि वायरही दोनच तारांची असते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (विजेकडील वाइंडिंगच्या) फेजवर स्लो-ब्लो फ्यूज बसवावा. बसवण्याआधी यंत्र प्रत्यक्षात किती प्रवाह घेते ते मोजावे आणि त्याच्या साधारण दुप्पट मूल्य निवडावे. तीन तारांची वायर घालून हिरवी तार स्वतंत्र स्क्रूने, रंग खरवडून, चॅसीला घट्ट जोडावी. अर्थ जोडल्यावर हमिंग वाढले म्हणून ती तार कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत आणि हे धोकादायक आहे. अशा वेळी प्रीॲम्प्लिफायर, पॉवर ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवावेत आणि सिग्नलच्या वायर एकत्र बांधाव्यात. एसी लाइनवर जुना कागदी कंडेन्सर आढळला, तर त्या जागी फक्त एक्स किंवा वाय सुरक्षा-वर्गाचाच कंडेन्सर लावावा.

सुटे भाग कोठे मिळतील?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून डायोड, वायरवाउंड रेझिस्टन्स, टॅग स्ट्रिप आणि ४५० व्होल्टचे कंडेन्सर मिळू शकतात. कंडेन्सर घेताना नामांकित बनावटीचाच मागावा आणि हातात घेऊन वजन पाहावे, कारण मोठ्या आवरणात छोटा कंडेन्सर घातलेला खोटा मालही फिरत असतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंडिंग करणाऱ्याकडून २३०:११० असा, दोन स्वतंत्र वाइंडिंगचा, मुद्दाम सांगून बनवून घ्यावा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना काय पाहावे?

पॉवर ॲम्प्लिफायर जोडू नये, सिरीज बल्ब ठेवावा आणि मीटर पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर आधीच क्लिपने लावून मगच बटण दाबावे. दाब सावकाश चढून स्थिर झाला, तर बल्ब काढून पुन्हा सर्व ठिकाणची मोजमापे घ्यावीत आणि दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांशेजारी लिहावीत. त्यानंतर यंत्र एक तास चालू द्यावे, प्लग काढावा, साठलेला दाब रिकामा करावा आणि ट्रान्सफॉर्मरला व प्रत्येक नव्या कंडेन्सरला हात लावून पाहावा. ट्रान्सफॉर्मर गरम लागेल, पण त्यावर हात ठेवता आला पाहिजे. कंडेन्सर मात्र शेजारच्या चॅसीइतकेच कोमट असावेत, आणि त्यांतील एखादा वेगळा गरम लागला, तर तो उलटा बसला आहे का हे सर्वांत आधी तपासावे.